पडीक पाणी

"मामा, आबा गेले," मनीषा फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठं, पाण्यावर?"

मनीषा माझी भाची, लोणावळ्याला असते. तिचे आबा म्हणजे माझे बबनदाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तीन दिवस पाऊस नुसता कोसळत होता आणि त्या दुपारी कुठे जरा उघडीप झाली होती. अशा उघडिपीला दाजी गेले म्हणजे पाण्यावरच गेले, हे आमच्या घरात गेली कित्येक वर्षं ठरलेलं. पलीकडून मनीषाचं रडणं ऐकू आलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दाजी जेवून आडवे झाले होते. अक्का चहाला उठवायला गेली तर अंग गार... बस, एवढंच. ना दवाखाना, ना धावपळ. आता इतके आठवडे झाले, पण तोंडातून निघालेलं ते 'कुठं' अजून मला टोचतं. माझी बायको म्हणते, तुम्ही जन्मभर रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसलात, कुणी काहीही सांगितलं की 'कुठं?' हेच विचारणार. तिचं म्हणणं बरोबर असेल, पण ते तिनं त्या दिवशीच म्हणायला पाहिजे होतं असं नाही.

आंदर मावळात दाजींची वाडी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आहे. आमच्या घोरावाडीहून निघायचं, मग एस.टी., ती फाट्यावर सोडते, आणि पुढे तासभर चाल. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पुन्हा धरला होता. पत्र्याच्या शेडखाली सगळं उरकलं. लाकडं ओली, माणसं ओली, आणि धूर वर जायलाच तयार नाही, पाण्याच्या बाजूला सरकत चालला होता. मी रडलो नाही. मला राग आला होता. कशाचा म्हणाल तर सांगता येणार नाही. दाजींनी मला न विचारता जायला नको होतं असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मनीषा भांडी आवरत होती. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, सत्तरीची माझी बहीण, एकाएकी फार लहान दिसायला लागलेली. मी निघायच्या तयारीत होतो. सुपातून नजर वर न करता तिनं विचारलं, "तू ह्यांच्यासंगं लय हिंडलास. तुला कदी दावलं का रं, आपलं पोर कुटं ठेवलंय ते?"

एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "आन् कदी आठवन तरी काडली का त्येची? माज्याम्होरं तर एकदाबी न्हाई."

मी नाही म्हणालो. खरंच नव्हती काढली. अक्कानं मान हलवली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. मी पिशवी उचलली आणि एस.टी. गाठायला निघालो, पण तो प्रश्न काही मागे राहिला नाही.

ते पोर म्हणजे अक्काचं पहिलं मूल, मुलगा. मी तेव्हा शाळेत होतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या वर्षी पाऊस असा लागला की ओढ्यांवरून माणूस येईना, अक्काला आणायचं राहून गेलं. तिकडेच बाळंत झाली. नऊ दिवस जगलं ते. बारसंही झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याला नाव नाही. आमच्याकडे इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीआड करतात. दाजी आणि त्यांची आई, दोघंच भर पावसात गेले आणि आले. आईला जागा दाखवायची नाही अशी रीत. दाखवली तर बाईचा पाय सारखा तिकडे ओढतो आणि पुढे कूस उजवत नाही असं म्हणायचे. सासूनं दाजींना शपथ घातली होती. आपल्याच रानात, बांधाला ठेवलंय, एवढंच अक्काला कळलं. पुढे मनीषा झाली, सासू गेली, आणि त्यानंतर धरणानं ते रानच पोटात घेतलं. शपथ घालणारं माणूस गेल्यावर दाजींना सांगता आलं असतं. नाही सांगितलं. अक्कानंही विचारलं नाही, कारण तिला वाटायचं की ते विसरले. नवरा विसरलाय हे त्याच्याच तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

एस.टी.त खिडकीशी बसून मी दाजी आठवत होतो. आठवायला खूप होतं.

दाजी काही जातीचे मासेमार नव्हते, शेतकरी माणूस. धरणाचं पाणी चढलं तेव्हा भाताची खाचरं गेली, वरची वरकस, डोंगरउताराची हलकी जमीन तेवढी राहिली. पण रोज सकाळी उठून रानात जायची पायांची सवय कुठे जाते! ते उठायचे, खाली पाण्यापर्यंत जायचे आणि उभे राहायचे. वाडीतल्या लोकांना वाटलं याचं डोकं फिरलं. मग कुणाकडून तरी त्यांनी पाग शिकून घेतला. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. शिकले आणि असे शिकले की बघत राहावं. नावेत कधी बसले नाहीत, टायरच्या ट्यूबवर बसून कधी गेले नाहीत. गुडघाभर पाण्याच्या पलीकडे जायचं नाही. मी चिडवायचो की दाजी, हे मासे धरणं आहे का भात लावणं? ते म्हणायचे, दोन्हीलाबी कंबार वाकवाया लागती.

त्यांची खरी वेळ मोठ्या पावसानंतरची. तीन-चार दिवस झड लागून राहिली की धरण फुगतं आणि पाणी काठाच्या गवतावर चढतं. कालपर्यंत जिथे गुरं चरत होती तिथे आज पाणी. त्या कोवळ्या बुडालेल्या गवतात मासे चरायला येतात. मी मुद्दाम रजा टाकून जायचो. साहेब विचारायचा, तुझी आजारपणं बरोबर पावसाळ्यातच कशी रे येतात?

ती सकाळ मला अजून झोपेतसुद्धा दिसते. पाऊस थांबलेला, पण थांबल्याचा आवाज नाही, कारण डोंगरावरनं चहूकडून पाणी उतरतंच असतं. धुकं पाण्याला टेकलेलं. पलीकडचा काठ नाहीच, आणि अलीकडचाही कुठे सुरू होतो कळत नाही. पाऊल टाकावं तर खाली गवत, मऊ, आणि त्याच्यावर वीतभर पाणी. दाजी पुढे, डोक्यावर गोणीची खोळ, खांद्यावर पाग, आणि पायात प्लास्टिकचे बूट, कारण बुडालेल्या करवंदीच्या काट्यांचा त्यांनी फार धसका घेतला होता. मी मागे. कितीतरी वेळ आम्ही एक अक्षर बोलायचो नाही. मला, ज्याला घरातले रेडिओ म्हणतात त्याला, तिथे बोलावंसंच वाटायचं नाही. कुठेतरी गवत हलायचं. दाजी थांबायचे. पाग हवेत उघडायचा, क्षणभर तसाच राहिल्यासारखा वाटायचा... आणि मग पाण्यावर टिपटिप वाजत बसायचा. ओढला की त्यात चिलापी, एखादी मरळ, नशीब असेल तर वाम. दुपारी अक्काच्या हातचं कालवण आणि तांदळाची भाकरी. उरलेले मासे वाडीत वाटायचे. अक्का कालवण फार सुरेख करायची, पण इतक्या वर्षांत पाण्याच्या काठाला ती कधी आली नाही. ज्यानं माझं रान गिळलं त्याचं तोंड कशाला बघू म्हणायची.

दाजी पाण्याविषयी शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे, याची मला फार मजा वाटे. ओढा येऊन मिळतो आणि गढूळ उसळतं, ते नांगरलेलं पाणी. मासे अंडी घालतात ती उथळ जागा म्हणजे पेरलेलं, तिथे पंधरा दिवस पाऊल टाकायचं नाही. आणि जांभळीच्या झाडापासून जुन्या दगडी बांधाच्या टोकापर्यंत एक पट्टा होता, चाळीसेक पावलांचा. त्याला ते पडीक म्हणायचे. तिथे आलं की ते काठ सोडून वर चढायचे, वळसा घालायचे आणि पुढे पुन्हा पाण्यात उतरायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ते पडीक हाय. मी समजलो की तिथे मासे नाहीत. पडीक रानात काही पिकत नाही, तसंच हे. शहाण्या माणसानं याच्यापुढे कशाला विचारावं?

पण मी शहाणा कुठला! एका पावसाळ्यात दाजी पुढे निघून गेले होते आणि मी जांभळीखाली तंबाखू मळत मागे राहिलो. बघतो तर त्या पट्ट्यातलं गवत सगळीकडे हलतंय. बाजारात माणसं दाटावीत तसे मासे दाटले होते. माझ्या हातात जुना पाग होता. टाकला. मला नीट टाकता येत नाही, अर्धा मिटलेलाच पडला, तरी ओढताना माझे हात भरून आले. एवढे मासे मी आयुष्यात पकडले नव्हते. ओरडून दाजींना हाक मारली, वर शेखी मिरवली की हे बघा तुमचं पडीक, तुम्हाला इतकी वर्षं कळलं नाही ते रेल्वेवाल्यानं शोधून काढलं.

दाजी आले. जाळ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की माझं हसू जागच्या जागी वाळलं. ते शिवी देतील असं वाटलं, ती दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खाली बसून पायातले बूट काढले, काठावर नीट ठेवले आणि अनवाणी पाण्यात शिरले. जाळं सोडवून एकेक मासा दोन्ही हातांनी धरून पाण्यात सोडायला लागले. फेकत नव्हते, पाण्याखाली हात नेऊन सोडत होते. मी म्हणालो, अहो दाजी, वेड लागलं का, वाडीभर पुरले असते! ते एवढंच म्हणाले, "पडीक हाय म्हनून सांगितलं हुतं."

मलाही राग आला. मी पाव्हणा, मेहुणा, शिवाय सरकारी नोकर. माझा असा अपमान! जेवायला न थांबता मी परत निघालो आणि पुढचे दोन पावसाळे तिकडे फिरकलो नाही. अक्काला वाटलं काहीतरी देण्याघेण्यावरून बिनसलं. तिनं दोघांना विचारलं, दोघांनीही काही सांगितलं नाही. मला सांगण्यासारखं काही माहीत नव्हतं आणि दाजींना सांगायचं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी एक दिवस मी खिडकीवर होतो. मान खाली, समोर हात आला, मी सवयीनं विचारलं, "कुठं?"

"पान्यावं," आवाज आला. "येताय का, पाव्हणं?"

मान वर केली तर दाजी, खोळ ओली, मागे रांगेतली माणसं ओरडताहेत. इतक्या लांबून, तीन दिवसांच्या झडीत, हे विचारायला आले होते. मी म्हटलं, साहेबाला सांगतो पोटात दुखतंय. झालं, आमचं भांडण तिथंच मिटलं. त्या पट्ट्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही आणि मीही निमूटपणे वळसा घालायला शिकलो.

आमची शेवटची भेट लोणावळ्याची, यंदाच्या पावसाळ्याच्या अगदी सुरुवातीची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मनीषाकडे येऊन राहिले होते. डोळ्यावर हिरवी झापड, आणि रुबाब असा की जणू लढाईवरून आलेत. गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या पर्यटकांच्या गाड्या मोजायचे. म्हणाले, पावसात भिजाया लोक एवढ्या लांबनं येत्यात, आगुदर सांगितलं आसतं तर आमीच पाटवून दिला आसता. मनीषा हसून हसून आत गेली. धुकं गॅलरीत शिरलं होतं आणि समोरची इमारत दिसेनाशी झाली होती. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले की माझ्या मागं तुम्ही जात जा, पाग तुमच्याकडे ठेवा, पण तेवढा पट्टा तसाच राहू द्या.

इतक्या वर्षांनी मी विचारलं, "पण दाजी, आहे काय तिथं?"

ते धुक्याकडे बघत होते. "हाय आपलं," म्हणाले.

आपण नाही का म्हणत, असंच आपलं, बसलोय आपलं, काहीतरी आपलं. मी ते तसंच घेतलं. त्यांना सांगायचं नाही तर राहू दे, असं मनात म्हणून मी चहाचा कप उचलला.

तेराव्याहून परतताना एस.टी.त मला डुलकी लागली होती. काचेबाहेर भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, त्यात आभाळ पडलेलं, जागं कुठे संपतं ते कळेना. अक्काचा आवाज कानात होता, आपलं पोर कुटं ठेवलंय... आपलं पोर... आणि त्याच्या पाठोपाठ दाजींचा. हाय आपलं.

मी ताडकन उठून बसलो. शेजारचा म्हातारा म्हणाला, स्टॉप मागं राह्यला का? मी म्हटलं, हो, फार मागं राहिला.

काठावर नीट ठेवलेले ते बूट मला तेव्हा दिसले. काट्यांना एवढा भिणारा माणूस तिथे अनवाणी का शिरला, ते कळलं. बुडण्याआधी तो बांध कुणाच्या रानाचा होता, हे तर मला आधीपासूनच माहीत होतं. फक्त कधी जोडलं नव्हतं. मग मी रडलो, भर एस.टी.त, तोंडावर रुमाल धरून.

त्यानंतर पंधरा दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. एका माणसानं आईला दिलेला शब्द पन्नास वर्षं पाळला, बायकोची अढी सोसली, मेहुण्याचा राग सोसला, आणि मी तो एका दुपारी मोडायचा? पण अक्काचं काय? नवऱ्यानं पोराला विसरून टाकलं, हे धरून ती उरलेले दिवस काढणार. मला दाजींचा रागही येत होता. अरे बाबा, शपथ जागेची होती ना? आठवण काढायला कुणी बंदी केली होती? एकदा, एकदाच तिच्यासमोर बोलला असतास! शेवटी बायको वैतागून म्हणाली, शपथ त्यांनी घेतली होती, तुम्ही नाही. उठा आणि जा.

गेल्या आठवड्यात पाऊस पुन्हा झोडपून काढत होता. उघडीप झाली तशी मी वाडीवर गेलो. अक्काला म्हटलं, चल, खाली पाण्यावर जाऊन येऊ. ती एकदम नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पदर खोचला आणि चपला घातल्या.

उतार निसरडा, मी तिचा हात धरला होता. खाली धुकं होतंच. जांभळीपाशी थांबून मी तिला सगळं सांगितलं, पट्टा, पडीक, माझं जाळं, बूट, गॅलरी, सगळं. सांगताना मला माझाच राग येत होता की हे मला इतक्या उशिरा कळलं. म्हणालो, "इथून त्या बांधाच्या टोकापर्यंत. नेमकी जागा मला नाही सांगता येणार अक्का. एवढ्यात कुठंतरी."

पाणी गवतावर चढलेलं, अजिबात न हलणारं.

"ह्यांनी हितं कदीच जाळं टाकलं न्हाई?"

"कधीच नाही. मला टाकू दिलं नाही."

"आन् मी म्हनायची, इसरला," अक्का म्हणाली. "पन्नास वर्सं राग धरला रं मी."

तिनं चपला काढल्या. मी नको नको म्हणत असताना पाण्यात दोन पावलं गेली, घोट्यापर्यंत, आणि वाकून हात बुडवला. तिथेच, अगदी जवळ, गवत हललं. मग थोडं पलीकडे. मग सगळीकडेच.

"ह्ये काय हलतंय?"

"मासे," मी म्हणालो. "कुणी धरत नाही ना इथं. फार आहेत."

अक्का तशीच वाकून बघत राहिली. "मंग येकटं न्हवतं त्ये," ती म्हणाली.